बंद खिडकीचा पौष

पौष लागला की आमच्या गावात सकाळ उठत नाही, नुसती कूस बदलते. चुलींचा धूर वर जायला निघतो, पत्र्यांच्या उंचीपर्यंत येतो आणि तिथंच आडवा होतो. वीटभट्ट्यांचा धूर त्याच्या अंगावर येऊन निजतो. परळीच्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्या उन्हाळ्यात हात लावावा इतक्या जवळ दिसतात. या दिवसांत त्या गळ्यापर्यंत बुडालेल्या असतात. ज्वारी हुरड्यात आलेली, बांधावरच्या बोरी लालसर झालेल्या, आणि तोंडात सकाळपासून एक चव. लहानपणी पाटी चाटल्यावर यायची तशी. लोक म्हणतात, धुकं पडलंय. पडू दे. पण माझी मान आपोआप त्या कोपऱ्यातल्या खोलीकडे वळते आणि तिची खिडकी उघडी आहे ना, हे मी बघून घेते. त्या खोलीत आता सोयाबीनची पोती आहेत. पोत्यांना कुठं श्वास घ्यायचा असतो? तरी बघते.

ओट्यावर माझी नात बसली आहे, ऋतुजा. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. पर्यावरण नावाचा विषय म्हणे सगळ्यांनाच घ्यावा लागतो, मग तुम्ही पुढं बँकेत बसा नाहीतर सासरी. परीक्षा तोंडावर आली आहे. गोधडी डोक्यावरून घेऊन, डोळे मिटून, ती मागं-पुढं डुलत म्हणते आहे, "तापमान व्युत्क्रम म्हणजे वातावरणाची अशी स्थिती, की ज्यामध्ये उंचीनुसार तापमान कमी होण्याऐवजी वाढत जाते." पुन्हा तेच. पुन्हा तेच. गिरणीचा पट्टा फिरावा तसं.

"कळलं का गं?"

"पाठ झालं, आजी."

"ते न्हाई विचारलं मी."

तिनं एक डोळा उघडला. म्हातारीला काही कळत नाही, हे सांगायला एक डोळा पुरतो. मी म्हणाले, डोळा उघडलाच आहेस तर समोर बघ. तो धूर वर का जात नाही? एरवी जमिनीजवळची हवा गरम असते, ती वर जाते, जाताना धूर काखेत घेऊन जाते. थंडीच्या दिवसांत रात्रभर जमीन गारठते, खालची हवा गार आणि जड होते, आणि तिच्यापेक्षा गरम हवा वर पसरून बसते. तू आत्ता बसलीस ना गोधडीत? तशी गावावर गोधडी पडते. आत जे सोडाल ते आतच राहणार. आता तुझ्या धाकट्या भावाला त्या गोधडीत घे आणि त्याला रात्री हरभऱ्याची उसळ खाऊ घाल, मग तुला व्युत्क्रम जन्मात विसरायचा नाही.

"शी, आजी!" ती म्हणाली. पण हसली, आणि वहीत गोधडीचं चित्र काढलं. उसळीचं नाही काढलं.

मी तिला हसते खरी, पण मीही अशीच डुलत होते. चकलांब्याच्या मेंढरं राखणाऱ्यांची पोर. दहावी पास झाले आणि त्या तोऱ्यात या गावात सून म्हणून आले. गल्लीतली पहिली दहावी पास सून. डोक्यावर पदर आणि पदराखाली दोन शिंगं. शाळेत 'प्रदूषण: एक समस्या' असा निबंध लिहिला होता. त्यात मुंबई होती, कारखाने होते, मोटारी होत्या आणि शेवटी 'झाडे लावा' होतं. मुंबई मी तोवर पाहिली नव्हती, कारखाना पाहिला नव्हता, मोटारीत बसले होते ते एकदाच, आणि तेव्हा ओकले होते. मास्तरांनी निबंध वर्गात वाचून दाखवला. तेव्हापासून माझी समजूत अशी, की प्रदूषण म्हणजे माझ्या माहेरचंच कुणीतरी. मी त्याला कुठंही ओळखीन.

आणि इथं येऊन पहिली ओळख झाली ती राखेशी. आमच्या माणसांना राख कधी घाण वाटलेलीच नाही. राखेनं भांडी घासायची, राख चोळून मूग-मटकी ठेवायची म्हणजे कीड लागत नाही, सोमवारी वैजनाथाला जाऊन आलं की कपाळाला तीच. इकडं बघते तर रस्त्यावर राखच राख! वीजकेंद्रातली कोळशाची राख घेऊन ट्रॅक्टर आणि ट्रक वीटभट्ट्यांकडे जायचे, वर झाकायला काही नाही, आणि दर खड्ड्यापाशी ओंजळ-ओंजळ सांडत जायचे. मऊ, चाळावी न लागणारी, फुकटची. मी सुपात भरून आणली, वर्षाचे मूग तिच्यात घोळवून ठेवले आणि सासूबाईंच्या शाबासकीची वाट बघत बसले.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंनी खिचडीचा पहिला घास घेतला आणि चावायचं थांबल्या.

"मूग कशात ठिवलेस?"

"राखेत."

"कुणाच्या?"

हा प्रश्न मला त्या वेळी फार अडाणी वाटला. आता वाटतं, पर्यावरणाच्या पेपरात याहून चांगला प्रश्न कुणी काढलेला नाही. गोवरीची राख गवताची असते. कालपरवा जमिनीतून वर आलेलं गवत गाईच्या पोटातून फिरून पुन्हा जमिनीत जायला निघालेलं असतं. दगडी कोळशाची राख जमिनीच्या पोटातली. तिच्यात शिसं, पारा, आर्सेनिक असली मंडळी थोडी थोडी दडून आलेली असतात. कोळसा जळतो, ही जळत नाहीत. ऋतुजाच्या पुस्तकात तिला 'फ्लाय अॅश' म्हटलंय, उडती राख. तिच्यातले बारीक कण इतके बारीक, की नाकाच्या चाळणीला दादच देत नाहीत. जाडी भरड नाकात अडकते, मधली घशात, आणि सगळ्यात बारीक, ज्याला आता टीव्हीवरसुद्धा 'पीएम अडीच' म्हणतात, ते मैद्यासारखं थेट फुप्फुसाच्या तळाशी. ऋतुजाला वाटायचं, अडीच म्हणजे किलोमीटर. अडीच मायक्रॉन, बाई. तुझ्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे कितीतरी कण शेजारी शेजारी बसतील.

पण मी सांगत होते त्या पौषाबद्दल.

त्या पौषात शेवंताताई माहेरी आली होती. माझी नणंद, माझ्याहून धाकटी, पहिलटकरीण. मुलगी झाली. कोपऱ्यातली ती खोली बाळंतिणीची. एक दार अंगणात, एक खिडकी रस्त्यावर. आणि नेमकं त्या दिवसांत भट्ट्यांचं काम जोरात, गाड्यांची रांग. दिवस चढला की वारं सुटायचं आणि राख उठायची. काठवटीतल्या पिठावर राख, दुधाच्या सायीवर राख. एका सकाळी मी बाळाला पाहिलं, तर तिच्या पापण्यांवर राख बसलेली होती. हळद-कुंकवाला आलेल्या बाईच्या तोंडाला पावडर असते तशी. ती पापण्या मिटायची आणि ती राख तिच्याबरोबर मिटायची.

गल्लीत सगळ्यांनीच खिडक्यांत पोती कोंबली होती. आम्हीही कोंबली. फळ्यांच्या फटीत चिंध्या भरल्या, वरून शेणकाला लिंपला. खिडकी होती की नव्हती कळेना. आणि हे सगळं चालू असताना मी काय करत होते? व्याख्यान देत होते.

"आत्याबाई, याला वायुप्रदूषण म्हणत्यात."

"म्हणू दे. तू ती चिंधी दे हिकडं."

"घटक अनैसर्गिक प्रमाणात हवेत मिसळले की…"

"चिंधी!"

मग आला धुरीचा प्रश्न. बाळंतिणीला न्हाऊ घातलं की बाजेवर झोपवायचं, बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं सरकवायचं, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशोपा, लसणाची सालपटं टाकून धुरी द्यायची. धुरानं खोली पांढरी होऊन जायची. शेवंताताईच्या डोळ्यांतून पाणी, बाळाला ठसका. मी कंबर कसली. धूर म्हणजे प्रदूषण. बाहेरची राख अडवायची आणि आत धूर करायचा, हे कुठलं शास्त्र?

"आमी चार लेकरं धुरीत वाढवली," आत्याबाई म्हणाल्या. "ती काय काळी पडली का?"

'त्यातल्या थोरल्याशी तर माझं लग्न लावून दिलंत,' असं मी मनात म्हणाले. मनात म्हटलेलं असं बरंच माझ्याकडे साठलेलं आहे. आता एकेक बाहेर काढते, तर घरात म्हणतात आजी वात्रट आहे.

शेवंताताई माझ्या बाजूनं झाली आणि आत्याबाई कुरकुरत तयार झाल्या. धुरी बंद. नुसता शेक. बाभळीचा चांगला पेटलेला कोळसा, अंगणात धूर जाईपर्यंत फुंकलेला, लाल फुललेला. मी स्वतः घमेल्यात वाकून पाहिलं, धुराची एक रेघ नाही. खिडकी लिंपलेली, बाहेरची राख बंद. धुरी नाही, आतला धूर बंद. मला वाटलं, अख्ख्या बीड जिल्ह्यात या खोलीइतकी शुद्ध हवा कुठं नसेल. निबंधात आता आणखी एक परिच्छेद घालायला हरकत नाही.

ती सकाळ मी कधीही डोळे मिटले तरी समोर येते. थंडी अशी, की रांजणातलं पाणी हाताला चावत होतं. घरातले पुरुष उसाच्या गाड्या घेऊन तेलगावच्या साखर कारखान्याकडे गेले होते. शेवंताताईला कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, बाजेवर निजवलं, घमेलं खाली सरकवलं. मी बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसले. आत्याबाईंनी दार बाहेरून ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून तूर निवडत बसल्या. ही त्यांची रीत होती. बाळंतिणीचा शेक चालू असताना दारात घरची मोठी बाई बसणार. वारं आत जाऊ नये, परकं माणूस जाऊ नये, नजर जाऊ नये. त्यांच्या सुपाचा आवाज आत येत होता. सर्र, सर्र.

आम्ही दोघी नावांवर बोलत होतो. शेवंताताईला मुलीचं नाव सिनेमातलं हवं होतं. मी म्हणत होते, सासरचे काय म्हणतील. बोलता बोलता ती म्हणाली, "वैनी, डोकं लई जड झालंय."

"न्हाल्यामुळं असंल."

"मळमळायलंय बी."

"डिंकाचा लाडू जास्त झाला का?"

ती हसली नाही. माझंही कपाळ ठणकत होतं. मला वाटलं, सकाळपासून पोटात काही नाही म्हणून. थोड्या वेळानं शेवंताताई काहीतरी बोलली, पण ते शब्द नव्हते. मग गप्प झाली. सुपाचा आवाज थांबला. बाहेरून आत्याबाईंनी विचारलं, "निजली का?"

"निजली वाटतं."

"निजू दे. अशी झोप लागली की बाळंतीण लवकर उठती."

सूप पुन्हा सुरू झालं. खोलीत इतकं उबदार होतं, इतकं शांत. निखारे अजून लाल. मी बाळाकडे पाहिलं. तीही निजली होती. मान माझ्या हाताबाहेर लोंबत होती. मी ती उचलून आत घेतली. ती पुन्हा लोंबली. ओठ थोडे उघडे. मी तिच्या ओठांना बोट लावलं. एरवी ती बोट धरायची, चोखायची. तिनं काही केलं नाही.

आणि मला कोकरं दिसली.

माहेरी, चकलांब्याला, एका कडाक्याच्या थंडीत वडिलांनी लहान कोकरं एका मोठ्या डालग्याखाली ठेवली होती. डालगं म्हणजे कोंबड्या झाकतात तसली टोपली, पण मोठी. आत मातीच्या खापरात निखारे, वरून घोंगडं. कोकरांना थंडी लागू नये म्हणून. मी लहान होते, सकाळी घोंगडं उचललं ते मीच. सगळी कोकरं झोपलेली. एकमेकांच्या अंगावर माना टाकून, तोंडं किंचित उघडी ठेवून. भाजलेलं कुणी नव्हतं, चावलेलं कुणी नव्हतं. इतकी गाढ झोपलेली कोकरं मी पाहिली नव्हती. मी हळूच म्हटलं होतं, "आबा, शू! झोपलीत." वडिलांनी डालगं लाथेनं उडवलं होतं. त्यांना का ते माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच. गावात म्हणाले, करणी केली.

मी उठायला गेले आणि माझे पाय उठले नाहीत. अंगाखाली कुणाचे तरी दुसऱ्याचेच पाय असावेत तसं. बाळाला छातीशी धरून मी गुडघ्यांवर दारापर्यंत सरकले आणि ढकललं. दार हललं नाही. पलीकडे आत्याबाईंची पाठ.

"आत्याबाई, दार उघडा."

"कावून? आत्ता तर घमेलं सरकीवलं."

"उघडा म्हणते ना!"

"वारं लागंल तिला. बस गुमान."

"आत्याबाई, उठा!"

"दहावी झालीस म्हून बाळंतपण कळतंय व्हय गं तुला?"

माझ्या हातात सांगण्यासारखं काय होतं? कोकरं मेली होती, असं म्हणाले असते तर त्यांनी विचारलं असतं कुणाची. प्रदूषण म्हणाले असते तर त्यांनी चिंधी मागितली असती. दहा वर्षं शाळेत गेले, इतके शब्द पाठ केले, आणि त्या बाईला दारावरून उठवेल असा एक शब्द माझ्याजवळ नव्हता. डोळ्यांपुढं काळे ठिपके नाचत होते. मी सगळा जीव घशात आणून ओरडले,

"आत्याबाई, साप! बाजेखाली साप निघालाय!"

दार असं उघडलं, की मी बाळासकट अंगणात पडले. आत्याबाई माझ्यावरून उडी मारून आत गेल्या. हातात मुसळ. त्या वयातली बाई इतकी उंच उडी मारू शकते, हे मला आजही खरं वाटत नाही. आतून त्यांचा आवाज आला. "शेवंते. ए शेवंते." मग आवाज बदलला. "शेवंते! अगं!"

त्यांनी लेकीला बखोटीला धरून ओढत बाहेर आणलं. शेवंताताईच्या टाचा उंबरठ्यावर आपटल्या, पण ती जागी झाली नाही. साप म्हटल्यावर गल्ली काठ्या घेऊन धावली होती. शेजारचे जीपवाले गफूरभाई तर लांब चिमटा घेऊन. सगळे खोलीत शिरायला निघाले आणि आत्याबाई किंचाळल्या, "सापाचं ऱ्हाऊ द्या, हिच्याकडं बगा!"

मी बाळाला दोन्ही हातांवर वर धरलं. समोरच्या रस्त्यानं राखेची गाडी नुकतीच गेली होती. हवा पांढरट होती, तीच हवा, जिच्यासाठी आम्ही खिडकी शेणानं लिंपली होती. मी बाळाला म्हणत होते, "घे बाई. हीच घे. आत्ता दुसरी न्हाई." ती घेत नव्हती. तिचं डोकं माझ्या तळव्यात पाण्यासारखं. आत्याबाईंनी लेकीला बायकांच्या हवाली केलं, माझ्याकडे आल्या आणि बाळाच्या तळपायावर टिचकी मारली. मग दुसऱ्या पायावर. मग जोरात. काठ्या घेतलेले पुरुष काठ्या तशाच धरून उभे होते, जणू मारायचं काहीतरी अजून समोर येणार आहे. आत्याबाईंनी पुन्हा टिचकी मारली आणि माझ्याकडे न बघता हळू म्हणाल्या, "रड की गं माय. रड."

बाळानं पाय आखडला. मग छातीचा भाता एकदा आत ओढला गेला. मग आवाज आला, मांजरीच्या पिल्लासारखा, इतका बारीक की पहिल्यांदा मला वाटलं तो मीच केला.

शेवंताताई अंगणाच्या कडेला ओकत होती. ओकणाऱ्या माणसाकडे पाहून एवढा आनंद मला त्याआधीही झाला नव्हता आणि नंतरही नाही.

गफूरभाईंनी जीप काढली. परळीला दवाखान्यात दोघींच्या नाकावर नळ्या लावल्या. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "खोलीत शेगडी होती का?" आणि मग म्हणाले, "कार्बन मोनॉक्साइड."

मला तो शब्द येत होता! ही खरी गंमत. हसायचं की रडायचं कळेना. शाळेत लिहिला होता मी. 'हा रंगहीन, गंधहीन व विषारी वायू असून तो इंधनाच्या अपूर्ण ज्वलनाने तयार होतो.' खाली रेघ मारून लिहिला होता, पट्टीनं. रंगहीन, गंधहीन असं शंभरदा घोकलं, पण मग तो घरात आला तर ओळखायचा कसा, हा विचार त्या शिंगं फुटलेल्या डोक्यात एकदाही आला नव्हता. मी त्याला धुरात शोधत होते. तो धूर नसलेल्या लाल निखाऱ्यात, माझ्याच शेजारी, मांडी घालून बसला होता. धूर निदान ठसका तरी देतो, डोळ्यात बोट घालून बाहेर काढतो. हा थोपटून झोपवतो.

ऋतुजाला मी तो असा सांगितला. एसटी स्टँडात लागली की काही माणसं खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, हो ना? तुझं रक्त म्हणजे एसटी. ऑक्सिजन बिचारा रांगेतला प्रवासी, या गावात चढतो, पुढच्या गावात उतरतो. हा कार्बन मोनॉक्साइड रुमाल टाकतो. एकदा बसला की उठता उठत नाही. गाडी भरलेली दिसते, धावतेही आहे, पण ऑक्सिजन सगळा स्टँडवरच उभा. अंगाला तो मिळत नाही, डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. डॉक्टर नुसता ऑक्सिजन देतात म्हणजे काय करतात? रांगेत इतकी गर्दी करतात, की रुमालवाल्यांना शेवटी उठावं लागतं. आणि खोली बंद असली, की निखाऱ्यालाही पुरती हवा मिळत नाही, तो अर्धवट जळतो आणि आणखी रुमाल तयार करतो. ऋतुजा म्हणाली, "आजी, पेपरात एसटी लिहिली तर मार्क कापतील." कापू देत. जीव राहतो ना.

परतताना जीपमध्ये आत्याबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. शेवंताताई आणि बाळ दवाखान्यातच, पण धोका टळला होता. त्या पुढं बघत म्हणाल्या, "साप न्हवता ना?"

"न्हवता."

जीप खड्ड्यातून गेली. राख उडाली, दोघींनी पदर नाकाला लावला. पदरातून त्या म्हणाल्या, "बरं झालं सापच म्हणलीस. कोळसा म्हणली असतीस तर मी उठले नसते."

तिसऱ्या दिवशी, बाळ-बाळंतीण घरी यायच्या आधी, आत्याबाईंनी खिडकीचा लिंपलेला शेणकाला विळ्यानं खरवडून काढला, पोतं ओढून बाहेर फेकलं आणि फळी हातभर उघडी ठेवली. घमेलं अंगणात आणलं. तिथंच वीट गरम करायची, फडक्यात गुंडाळायची आणि ती आत नेऊन शेकायचं. गल्लीतल्या बाया जमल्या. अगं बाई, राख येईल, वारं लागेल, बाळंतिणीच्या खोलीची खिडकी कुणी उघडी ठेवतं का? मी तोंड उघडलं, कार्बनपासून सुरुवात करणार तेवढ्यात आत्याबाईंनी माझ्या पायावर पाय दिला.

"आमच्यात उघडी ठिवावी लागती," त्या म्हणाल्या. "बंद खोलीत निखारा नेला की साप निघतो. त्याला जायला वाट ठिवायची असती."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांनी परवा काठ्या घेऊन धावणारी माणसं डोळ्यांनी पाहिली होती. आत गेल्यावर मी म्हणाले, "आत्याबाई, खरं सांगायचं होतं की. वायू म्हून."

"वायू म्हणलं तर बाया हसत्यात आणि घरी जाऊन खिडकी लावत्यात. साप म्हणलं की उघडत्यात."

त्या दिवसापासून मी कोणालाही काही समजावून सांगायला निघाले, की आधी बघते, हा माणूस दाराला पाठ लावून बसलाय का. बसला असेल, तर आधी तो कशानं उठेल ते शोधते.

आत्याबाई जाऊन आता खूप वर्षं झाली. शेवंताताईची ती लेक स्वतःच लेकराबाळांची आहे. नाव सिनेमातलंच ठेवलं शेवटी. हे सगळं आज लिहायला बसले त्याचं कारण म्हणजे परवा गल्लीच्या टोकाला एक सून बाळंत झाली, तिचं बाळ बघायला मी गेले होते. कोवळी पोर, परगावची. बाजेवर बसलेली, मांडीवर बाळ, अंगाला स्वेटर. बाहेर हीच अशी गारठलेली, बसकी हवा. आणि खिडकी हातभर उघडी.

मी वात्रटपणानं विचारलं, "अगं, थंडीची खिडकी कावून उघडी?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी ऋतुजा बघते. एका डोळ्यानं. "आजी, तुमाला म्हाईत न्हाई? सासूबाई म्हणत्यात, या गावात बाळंतिणीच्या खोलीत साप निघतो. वाट ठिवावी लागती."

"असं व्हय? मग कसला असतो गं तो? काळा का पिवळा?"

"दिसत न्हाई म्हणं," ती बाळाचं टोपडं नीट करत म्हणाली. "आवाज न्हाई, वास न्हाई. माणसाला नुसती झोप येती, म्हणं."

तेवढ्यात रस्त्यावरून राखेचा टिपर गेला. आता त्यांच्यावर ताडपत्री असते, पण ताडपत्रीला भोकंही असतात. खिडकीच्या हातभर फटीतून उन्हाची तिरीप आत येत होती, ती एकदम भरून गेली. राख, हळू हळू, त्या तिरिपेतून बाळाच्या दिशेनं खाली उतरायला लागली. पोरगी घाबरून उठली आणि फळी ओढायला तिनं हात पुढं केला. तिच्या सासूनं आणि मी, दोघींनी एकदमच तिचं मनगट धरलं.

तिनं आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं. "मग आता काय करू?"

मी अंगावरची शाल काढली, रांजणात बुडवली, पिळली आणि खिडकीवर टांगली. हवा येत राहिली. शाल वाळत आली की आम्ही ती पुन्हा भिजवत होतो, आळीपाळीनं, दिवस कलेपर्यंत. दर वेळी पिळताना पाणी करडं निघत होतं, आणि बाळ निजलेलं असलं तरी आमच्यापैकी एक जण दर थोड्या वेळानं त्याच्या ओठांना बोट लावून बघत होती.